विमानतळावरचा घास

मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर पोटाचा प्रश्न पडत नाही. तिथे इडलीपासून बिर्याणीपर्यंत सगळे मांडलेले असते. एका ठिकाणी मन मानले नाही तर चार पावले पुढे जायचे. खिशात पैसे असले म्हणजे झाले. लहान विमानतळाची गोष्ट वेगळी. तिथे सामानाची तपासणी आटोपून आत गेले की एकच दालन, शंभर-दीडशे खुर्च्या आणि कोपऱ्यात एकच लहानसे उपाहारगृह. काचेच्या पेटीत समोसा, सँडविच आणि बर्गर. बाहेर परत जाता येत नाही. विमानाला उशीर झालेला असतो आणि भूक तर वेळापत्रक मानत नाही.

आपल्या महाराष्ट्रात असे विमानतळ आता बरेच झाले आहेत. ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने 27 एप्रिल 2017 रोजी सुटली. सिमला-दिल्ली विमानाबरोबर त्या दिवशी नांदेड-हैदराबाद सेवेचेही उद्घाटन झाले. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला. या ठिकाणच्या सेवा कधी चालतात, कधी बंद पडतात, पुन्हा चालू होतात. पण कालपर्यंत एसटीच्या थांब्यावर भजी खाणारा आपला माणूस आज विमानतळाच्या खुर्चीवर बसून बर्गरकडे पाहू लागला, हे खरे. आणि त्या पाहण्यात एक जुना प्रश्न नव्या रूपात त्याच्यासमोर उभा राहतो. हे खावे का? आणि त्याआधी, याविषयी विचारावे का?

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटेल. एवढ्याशा पावाच्या तुकड्यावर लेख कशाला, असेही कुणी म्हणेल. पण माणूस कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून घास तोंडात घालतो, हा त्याच्या ईमानाचा आणि त्याच्या समाजाचाही प्रश्न असतो. म्हणून थोडे सविस्तर बोलू.

बर्गर ही वस्तूच अशी आहे की ती आत काय आहे ते सांगत नाही. आपल्या घरांत खिमा आणायचा तर मोहल्ल्यातल्या कुरैशींच्या दुकानासमोर उभे राहायचे, रान दाखवून घ्यायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत खिमा करून घ्यायचा, अशी रीत आहे. आयता पडलेला खिमा चांगली गृहिणी घेत नाही. खिम्यात काहीही लपते, हे तिला पक्के ठाऊक असते. बर्गरमधली टिक्की म्हणजे नेमका हा आयता खिमा. तो कुठल्या तरी कारखान्यात तयार होतो, बर्फात गोठतो, खोक्यात बंद होतो, शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो आणि विमानतळावरच्या तव्यावर पडतो. तो भाजणाऱ्यालाही त्याचे मूळ माहीत असेलच असे नाही.

त्यात नावाचाही घोटाळा. ‘हॅम्बर्गर’ या शब्दात ‘हॅम’ ऐकून आपल्याकडच्या कितीतरी बुजुर्गांनी या पदार्थाला दुरूनच सलाम केला, कारण हॅम म्हणजे डुकराचे मांस. वास्तविक हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आले आहे, डुकराशी त्याचा संबंध नाही. 1996 साली मॅकडोनाल्ड्सने दिल्लीत पहिले दुकान उघडले तेव्हा गाय आणि डुक्कर दोन्ही मांसे बाहेर ठेवली. अमेरिकेत ज्या मांसावर बर्गर उभा राहिला ते मांस इथे आलेच नाही. इथला बर्गर कोंबडीचा नाहीतर बटाट्याचा झाला. म्हणजे भारतात पाय ठेवतानाच या परदेशी पदार्थाला कळले होते की इथे जेवणाआधी प्रश्न विचारले जातात.

आता त्या एकुलत्या एका उपाहारगृहासमोर उभ्या असलेल्या आपल्या प्रवाशाकडे पाहू. त्याच्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे न विचारता खाणे. या वाटेने जाणारे सगळेच बेफिकीर असतात असे समजू नये. त्यांच्या बाजूने भक्कम आधार आहेत. हजरत आयेशा (र.अ.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारीत आहे. काही लोक मांस आणून देतात, जनावर कापताना त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही ते कळत नाही, असे पैगंबरांना (स.) विचारण्यात आले. तुम्ही स्वतः बिस्मिल्ला म्हणा आणि खा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुसरी गोष्ट इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मधली, आणि ती तर प्रवासाचीच आहे. हजरत उमर (र.अ.) एका तांड्याबरोबर जात असताना पाण्याच्या हौदापाशी थांबले. सोबतच्या अम्र बिन आस (र.अ.) यांनी हौदाच्या मालकाला विचारले, इथे हिंस्र जनावरे पाणी प्यायला येतात का? तेव्हा हजरत उमर यांनी मालकाला परस्पर सांगितले की आम्हाला हे सांगू नकोस. खोदून खोदून संशय उकरून काढणे हा धर्म नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते. खुद्द कुरआनातल्या सूरह बकराचे नाव ज्या गाईच्या प्रसंगावरून पडले, त्यातही हाच धडा आहे. गाय कुर्बान करा, एवढीच आज्ञा होती. पण कशी गाय, कोणत्या वयाची, कोणत्या रंगाची, असे विचारत बनी इस्राईलने सोपे काम अवघड करून घेतले.

मग प्रश्न मिटला का? मिटत नाही. कारण त्या हदीसमधले मांस आणणारे लोक नुकतेच इस्लाममध्ये आलेले होते. ते कापणारे कोण, याविषयी शंका नव्हती, त्यांनी कापताना नाव घेतले का, एवढीच शंका होती. हौदाचे पाणी मुळात पाकच समजले जाते. विमानतळावरच्या खोक्यातले मांस या दोन्हीत बसत नाही. जिथे चांगले गृहीत धरायला आधार आहे तिथे न विचारणे हा विश्वास ठरतो. जिथे असा आधारच नाही तिथे न विचारणे ही सोय ठरू शकते. दिसायला दोघे सारखेच, पण आपण कोणत्या जागी उभे आहोत ते ज्याचे त्याला माहीत असते.

दुसरी वाट म्हणजे न विचारता न खाणे, किंवा बटाट्याचा बर्गर घेऊन मोकळे होणे. आपल्यापैकी बहुतेक जण ही वाट धरतात. संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणाऱ्याने आपला दीन सांभाळला, अशा आशयाची हदीस प्रसिद्धच आहे. ही परहेजगारी आदरास पात्र आहे. पण तिच्यात दोन बारीक अडचणी आहेत. एक म्हणजे बटाट्याची टिक्की आणि कोंबडीची टिक्की एकाच तव्यावर, एकाच तेलात पडत असेल तर बटाटाही प्रश्नाबाहेर राहत नाही. दुसरी अडचण मनाची आहे. आपण खरोखर अल्लाहला भिऊन गप्प राहिलो, की रांगेत मागे उभ्या असलेल्या लोकांना भिऊन?

आणि इथेच गोष्ट आपल्या काळात येते. 2015 च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र पशुसंरक्षण सुधारणा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांची कत्तलही बंद झाली. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेले असे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. कोणाच्या घरात काय शिजते यात सरकारने किती डोकवावे, हा प्रश्न तेव्हा न्यायालयापुढे होता. मधल्या काळात, 28 सप्टेंबर 2015 रोजी, उत्तर प्रदेशातल्या दादरीजवळच्या बिसाहडा गावात मोहम्मद अखलाक यांना घरातल्या मांसाच्या अफवेवरून जमावाने ठार केले. त्यानंतर आपल्यापैकी कित्येकांनी प्रवासात डबा उघडताना आधी आजूबाजूला पाहायची सवय लावून घेतली. रेल्वेत, एसटीत, विमानतळावर. हे कुणी शिकवावे लागले नाही.

अशा दिवसांत ‘हे हलाल आहे का?’ हे चार शब्द साधे राहिले नाहीत. ते उच्चारले की आपली ओळख जाहीर होते. 18 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तर प्रदेश सरकारने हलाल-प्रमाणित वस्तूंची निर्मिती, साठवण आणि विक्री यांवर बंदी घातली, मात्र निर्यातीला सूट दिली. ज्या कागदावर परदेशातला गिऱ्हाईक विश्वास ठेवू शकतो तो कागद इथल्या नागरिकाच्या हाती नको, असा त्याचा अर्थ झाला. 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियाने विमानातल्या जेवणाविषयी खुलासा केला की हिंदू जेवण हलाल-प्रमाणित नसेल. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा झाली. एकेका घासावर झेंडे रोवायचे काम जोरात चालू आहे. मग साधा प्रवासी म्हणतो, नको ती भानगड, बिस्किटाचा पुडा घ्यावा आणि गप्प बसावे. त्याला दोष कोण देईल?

तरीही तिसरी वाट आहे, विचारण्याची. ती वाट धरावी असे मला वाटते, आणि कशी धरावी हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

पुन्हा नांदेडचे उदाहरण घेऊ. तिथे शिखांचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. पंजाबातून, दिल्लीहून भाविक येतात. तिथला विमानतळही गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाचा आहे. शहरात दखनी बोलणारे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जैन आहेत, लिंगायत आहेत, वारकरी आहेत. अशा शहराच्या विमानतळावरच्या एखाद्या छोट्या उपाहारगृहाची कल्पना करा. एक मुसलमान प्रवासी विचारतो, ‘चिकन हलाल आहे का?’ उत्तर ‘होय’ यावे अशी त्याची इच्छा. मागोमाग एक सरदारजी तोच प्रश्न विचारतात. उत्तर ‘नाही’ यावे अशी त्यांची इच्छा, कारण शीख रहत मर्यादेत अमृतधारी शिखाला कुठ्ठा, म्हणजे मुसलमानी पद्धतीने कापलेले मांस, वर्ज्य आहे. तिसरी एक जैन आजी विचारते, ‘बटाट्याच्या टिक्कीत कांदा-लसूण आहे का?’ आणि मग हळूच, ‘बटाटाही आम्हाला चालत नाही हो, पावाबरोबर दुसरं काही आहे का?’

तिन्ही प्रश्न एकाच मुलाला. वीस-बावीस वर्षांचा, डोक्यावर कंपनीची टोपी, हातात चिमटा. कायद्याने त्याच्या खोक्यावर एवढेच छापलेले असते की आत शाकाहार आहे की मांसाहार. शाकाहाराला हिरवा ठिपका. मांसाहाराला पूर्वी तपकिरी ठिपका असे, 2020 च्या नियमांनी त्याचा त्रिकोण केला. सरकारला एकच प्रश्न पुरेसा वाटला. माणसांना तो पुरत नाही. म्हणून उरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या मुलाच्या जिभेवर येऊन थांबतात. त्याने खरे सांगितले तर तिघांचाही धर्म सांभाळला जातो. विक्रीसाठी त्याने मुसलमानाला ‘हो’ आणि सरदारजींना ‘नाही’ सांगितले तर एका बर्गरवर दोघांची श्रद्धा विकली जाते. म्हणजे इथे हलालचा प्रश्न मांसापुरता उरत नाही, तो सचोटीचा होतो. आणि सचोटी तिघांनाही सारखीच हवी असते. माझ्या विचारण्याच्या हक्काचे रक्षण करायचे असेल तर सरदारजींच्या आणि जैन आजींच्या हक्काचेही मला रक्षण करावे लागेल. आपल्या भावासाठीही तेच इच्छावे जे स्वतःसाठी इच्छितो, या शिकवणुकीचा रांगेत उभ्या माणसाला समजेल असा अर्थ हाच.

मात्र विचारण्याला एक मर्यादा आहे आणि सगळा लेख मी तिच्यासाठी लिहिला असे समजा. विचारायचे ते पदार्थाविषयी, समोरच्या माणसाविषयी नव्हे.

2024 च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या दुकानदारांनी आपली नावे दर्शनी भागात लावावीत, असे आदेश निघाले. ढाब्यावर काय शिजते यापेक्षा शिजवणाऱ्याचे नाव काय हे महत्त्वाचे ठरले. 22 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. दुकानदाराने कोणत्या प्रकारचे अन्न आहे ते सांगावे, मालकाचे आणि नोकरांचे नाव लावण्याची सक्ती नको, असा त्याचा भाव. अन्नाविषयी विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे, पण रोटी देणाऱ्याचा धर्म विचारण्याचा नाही. बातमी वाचून आपल्याला बरे वाटले. वाटायलाच हवे.

पण आपण स्वतः काय करतो? अनोळखी गावात जेवायला बसण्यापूर्वी आपण भिंतीवर 786 लिहिले आहे का ते पाहतो. गल्ल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर टोपी दिसली की चौकशी संपते. पोऱ्याला आपण ‘चिकन कुठून येते?’ असे विचारत नाही, ‘नाव काय रे तुझे?’ असे विचारतो. नाव आपले निघाले की निर्धास्त, नाही निघाले की पाणीसुद्धा बाटलीबंद. वाचकहो, 786 हा काही कत्तलखान्याचा दाखला नाही आणि टोपी ही कोंबडी कापण्याची रीत नाही. आपल्या नावाच्या माणसाचीही कोंबडी कुठल्याही बाजारातून आलेली असू शकते. कावडच्या रस्त्यावर आपल्या बांधवांना नाव विचारले गेले म्हणून आपल्याला जो अपमान वाटला, तोच विमानतळावरच्या टोपीखालच्या मुलालाही वाटत असणार. त्याचे नाव अमोल असो वा अस्लम.

यावर एक जाणता आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. जनावर कापणारा मुसलमान किंवा अहले-किताब असावा अशी अट आपल्या फिक्हमध्ये आहेच, मग माणसाचा प्रश्न कसा टाळणार? बरोबर आहे. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले-किताबच्या अन्नाला परवानगी दिली आहे आणि फकीहांनी त्यावर बारकाईने विचार केला आहे. त्यांच्यात मतभेदही आहेत. दख्खनमधले आपण बहुसंख्य हनफी, आणि हनफी मतानुसार कापताना जाणूनबुजून अल्लाहचे नाव टाळले तर जनावर हलाल राहत नाही. आपले कोकणातले भाऊ शाफई, त्यांच्या मते नाव घेणे सुन्नत आहे, मुसलमानाकडून ते राहून गेले तर मांस हराम होत नाही. एकाच राज्यात, एकाच दस्तरखानावर ही दोन मते शतकानुशतके शेजारी बसून जेवली आहेत. पण ही चर्चा कापणाऱ्याविषयी आहे, वाढणाऱ्याविषयी नाही. आणि वाढणाऱ्याचा शब्द मानावा का, यावर हनफी फिक्हचा विख्यात ग्रंथ ‘हिदाया’ स्पष्ट बोलतो. कुणी आपल्या मजुसी नोकराला मांस आणायला पाठवले आणि त्याने येऊन सांगितले की मी हे मुसलमानाकडून, यहुद्याकडून किंवा ख्रिश्चनाकडून घेतले, तर ते खाता येते. कारण देवाणघेवाणीच्या व्यवहारात बिगर-मुस्लिमाचा शब्दही ग्राह्य धरला जातो. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींनी अग्निपूजक नोकराच्या शब्दाला ही किंमत दिली. आजचे अनेक उलेमा कारखान्यातल्या मांसाबाबत जास्त सावध आहेत, आणि कारखान्याची उलाढाल पाहता त्या सावधगिरीला कारण आहे. पण ती सावधगिरी कारखान्याच्या कागदांविषयी असावी. चिमटा धरलेल्या मुलाच्या जातकुळीविषयी नसावी.

दोनेक वर्षांपूर्वी एका लहान विमानतळावर मी हा प्रश्न विचारला. रांगेत मागून कुणीतरी पुटपुटले, ‘आता इथंपण सुरू झालं.’ मुलगा मात्र शांत होता. तो आत गेला आणि गोठलेल्या टिक्क्यांचे खोके घेऊन आला. आम्ही दोघांनी ते उलटसुलट करून पाहिले. त्यावर त्रिकोण होता, तारीख होती, कारखान्याचा पत्ता होता, हलालचे काही नव्हते. तो म्हणाला, ‘काका, कोंबडी कशी कापतात ते मला माहीत नाही. उगाच हो म्हणून कशाला सांगू?’ मी म्हणालो, ‘बाळा, तुला त्रास दिला.’ तो हसला. ‘त्रास कसला? रोज विचारतात. कुणी हे विचारतं, कुणी कांदा-लसूण विचारतं. जे विचारत नाहीत आणि नंतर भांडतात, त्यांचा त्रास.’ मी चहा आणि बिस्किटे घेतली. मागच्या पुटपुटणाऱ्या गृहस्थांनी आपल्या बायकोसाठी अंड्याशिवायचा केक आहे का ते विचारले. मुलाने तेही खोके उलटून पाहिले.

इमाम मालिक यांच्याविषयी सांगतात की दूरदेशाहून आलेल्या माणसाने पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा त्यांनी बहुतेकांना ‘मला ठाऊक नाही’ एवढेच उत्तर दिले. मदिनेच्या सर्वात मोठ्या आलिमाला हे म्हणायची लाज वाटली नाही. त्या मुलाचे ‘माहीत नाही’ याच घराण्यातले. आपल्या बाजारात ‘हो’ स्वस्त झाले आहे, प्रमाणपत्रेही मिळतात, पण ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस दुर्मीळ झाला आहे. तो भेटला तर गिऱ्हाइकाने त्याच्यावर नाराज होऊ नये. त्याचे आभार मानावेत. त्याने आपला दीन राखला, स्वतःच्या नफ्यावर पाणी सोडून.

आता थोडे हलालच्या दुसऱ्या अंगाविषयी. कुरआनात हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द येतो, म्हणजे शुद्ध, चांगले, मनाला स्वच्छ वाटणारे. सूरह बकराच्या एकशे अडुसष्टाव्या आयतीत तर सगळ्या माणसांना उद्देशून हे दोन शब्द एकत्र आले आहेत. आपण हलाल पकडून ठेवले आणि तय्यब विसरलो, असे कधी कधी वाटते. कापण्याची रीत विचारतो, पण पक्षी कसे वाढवले, ते शिळे आहे का, तळायचे तेल किती वेळा वापरले, हे विचारत नाही. ज्याने बारा तास उभे राहून आपल्याला वाढले त्याला पगार वेळेवर मिळतो का, हे तर मनातही येत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो. तीही त्याच बर्गरच्या पावात दडलेली असते. विमानतळावर साध्या चहाची किंमत गोरगरिबाच्या एका वेळच्या जेवणाएवढी होते, तेव्हा अन्न शुद्ध असले तरी व्यवहार तय्यब उरतो का? 2024 च्या डिसेंबरात कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारा ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला तेव्हा लोकांनी त्याचे एवढे स्वागत केले, त्यामागे हीच बोच होती.

आणि शेवटी त्या मांसाची गोष्ट, जिच्याविषयी कोणी कोणाला काही विचारत नाही. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत जास्त संशय टाळा, एकमेकांची टेहळणी करू नका, पाठीमागे निंदा करू नका, असे सांगून निंदेची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. संशय, टेहळणी आणि निंदा, तिन्ही एका ओळीत. रांगेत उभे राहून आपण कोंबडीची चौकशी करतो, आणि त्याच रांगेत पुढच्या माणसाच्या टोपीवरून, मागच्या बाईच्या टिळ्यावरून, काउंटरवरच्या मुलाच्या नावावरून मनातल्या मनात किती मांस खाऊन टाकतो! ते हलाल करायला कुठले प्रमाणपत्र पुरेल?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. भूक लागली तर विचारावे. हळू आवाजात, आदराने, पण लपूनछपून नव्हे. नागरिकाने आपल्या अन्नाविषयी विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि मिरवण्यासारखेही नाही. उत्तर देणाऱ्याचे नाव विचारू नये. त्याने ‘हो’ म्हटले आणि ते खोटे मानायला कारण नसेल, तर बिस्मिल्ला म्हणून खावे आणि पुढची उलटतपासणी सोडून द्यावी. खोटे सांगितले असेल तर त्याचा हिशेब त्याच्याकडे. ‘नाही’ म्हटले तर त्याला धन्यवाद द्यावेत. ‘माहीत नाही’ म्हटले तर जास्त धन्यवाद द्यावेत. आणि आपल्यामागे उभा असलेला कुणी त्याचा वेगळा प्रश्न विचारू लागला तर त्याला शांतपणे विचारू द्यावे, घाई करू नये. विमान थोडा वेळ थांबलेलेच असते. भुकेल्या माणसाला दोन मिनिटे रांगेत थांबायला लागले तर त्याचे काही बिघडत नाही. ज्या देशात माणसाला आपल्या घासाविषयी प्रश्न विचारायची भीती वाटते, त्या देशाचे मात्र बरेच काही बिघडते.